कॉईलला लावलेलं कुंकू

भरेहून पिरंगुटला मी रोज चालत जायची. तिथल्या एका छोट्या कारखान्यात मला कॉईल गुंडाळायला घेतलं होतं. आमच्या घरी मेंढरं. लोकर कातून कातून हात इतका हलका झालेला, की केसासारखी तांब्याची तारसुद्धा तुटायची नाही. त्या कॉईल जायच्या उपग्रहावरच्या एका यंत्रात. पृथ्वीचं चुंबकत्व वरून मोजायचं म्हणे. मला त्यातलं काय कळतंय, कप्पाळ! पण वेढ्यावर वेढा चढू द्यायचा नाही, एवढं पक्कं कळायचं.

नवरात्रात शेवटची कॉईल झाली. ती पास झाली की मला कायम करणार होते, नाहीतर परत मेंढरांमागं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी शास्त्रज्ञ साहेब ती न्यायला येणार होते.

खंडेनवमीला कारखान्यात पूजा झाली. लेथला झेंडूची माळ, कानशी-पक्कडींना हळदकुंकू. माझी कॉईल बिचारी डबीत पडून. सगळ्यांत लांब जाणार ती, आणि तिलाच काही नाही? मला राहवलं नाही. डबी उघडली आणि कुंकवाची दोन बोटं दिली ओढून.

कारखान्याच्या मिस्तरींनी पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "अवो बाई, काय करून ठिवलं! हिला लोखंडाचा कण चालत न्हाई, धुळीचा कण चालत न्हाई, आन तुमी कुंकू लावताय?"

कुंकू वेढ्यांच्या फटीत शिरलेलं, काही केल्या निघेना. पण माझं तोंड गप्प बसेल तर शपथ. "मग आधी का न्हाई सांगितलं? पूजा करू नका अशी पाटी कुटं लावलीया?"

"तशी पाटी लावायची येळ आजवर कुणावर आलीया का?"

तेही खरंच होतं. रिळावर एकाच कॉईलपुरती तार उरली होती. दसऱ्याची पुरणपोळी सोडून मी दिवसभर गुंडाळत बसले. मिस्तरीही सण सोडून समोर बसले, आणि चहाचा कपसुद्धा टेबलाजवळ येऊ दिला नाही. दिवस कलला तेव्हा शेवटचा वेढा बसला.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मीटर लावून पाहिला. "उत्तम झालीये," म्हणाले.

गप्प बसायचं की नाही? पण खोटं मला पचत नाही. "साहेब, ही दुसरी हाय. पहिलीला मी कुंकू लावलं हुतं." मिस्तरींनी डोळे वटारले.

साहेबांनी कॉईल डबीत, डबी लाकडी पेटीत ठेवली, झाकणाला पितळी खिळे ठोकले आणि पेटी माझ्यासमोर सरकवली. "आता लावा. बाहेरून चालतं."

मला रडूच फुटलं. कुंकू पाण्यात कालवलं आणि झाकणावर दोन बोटं ओढली.

मी कायम झाले. काही महिन्यांनी तीच पेटी नवी तार घेऊन परत आली. धुळीच्या कणाला भिणाऱ्या त्या माणसांनी माझी दोन बोटं पुसली नव्हती.