आईने ओटीपी दिला नाही

बँकॉकच्या हॉटेलात काउंटरवरच्या मुलीने माझं कार्ड परत सरकवलं आणि पासपोर्ट मात्र हाताखाली दाबून ठेवला. ऊसतोड मजुरांच्या परिषदेला आले होते. बोलावणारे दुसऱ्या दिवशी भेटणार होते आणि त्यांचा फोन लागत नव्हता. जवळची रोकड टॅक्सीच्या भाड्यात संपली. पैसे भरल्याशिवाय खोली नाही, हे ती मुलगी हसून, पुन्हा पुन्हा सांगत होती. त्या हसण्याचीच मला जास्त भीती वाटली.

तिसगाव सोडण्याआधी मी बँकेच्या शाखेत जाऊन विचारलं होतं. “जगात कुठंही चालतंय, मॅडम,” असं मान वर न करता सांगणाऱ्या साहेबाला काय म्हणावं? कार्ड परदेशात चालायला ती सोय आधी चालू करावी लागते, हे मला हॉटेलच्या वायफायवर कळलं. मोबाईलवरून चालू करायला गेले, तर ओटीपी गेला आईच्या फोनवर. खातं मी शाळेत असताना उघडलेलं, नंबर तिचाच.

माझं सिम तिथे चालत नव्हतं आणि आईचा नेट पॅक संपलेला, म्हणून व्हॉट्सॲप कॉलही लागेना. मग काउंटरवरचा फोन मागून घेतला.

“आई, मी बोलतीये. मेसेजमधला नंबर सांग गं, लवकर!” आवाज रडका झाला होता.

“कोन तू?”

“अगं मी! तुझी पोरगी!”

“आवाज लई हुबेहूब काढतीस गं, भवाने!” फोन बंद.

तिला हे शिकवणारं पत्रक माझंच होतं. गिरणीच्या दारावर मीच चिकटवलेलं: परका नंबर, रडका आवाज आणि घाई म्हणजे चोर! पोटच्या लेकराने मागितला तरी ओटीपी देऊ नका! आईकडून तर मी ते पाठ करून घेतलं होतं.

पुन्हा फोन लावला. माझ्यामागे माणसं खोळंबली होती. आता ही मुलगी पोलिसांना बोलावणार, असं वाटायला लागलं.

“माजी पोर अशी रडत न्हाई,” आई कडाडली. “ती भांडती. ठिव फोन!”

माझं डोकंच फिरलं. “ठिव काय ठिव! त्या साहेबानं मला फसवलं, हितं पासपोर्ट अडकवलाय, आन तू मला चोर ठरवतीस? येऊ दे मला, त्या शाखेसमोर उपोषणालाच बसते!”

“व्हय, तूच गं बाई,” आईचा आवाज एकदम बारीक झाला. “काय झालं? जेवलीस का?”

“आई, नंबर!”

जुना ओटीपी बाद झाला होता, नवा मागवला. आईने एकेक आकडा सावकाश सांगितला आणि वर म्हणाली, “आन ऐक, ह्यो कुनाला सांगू नको.”

कार्ड पुन्हा यंत्रात गेलं. यंत्र नुसतं विचार करत राहिलं. मग कागद करकरत बाहेर आला आणि मुलीने पासपोर्ट माझ्याकडे सरकवला.

तो छातीशी धरून मी तिथेच ओक्साबोक्शी रडले. आईने ऐकलं असतं, तर पुन्हा फोन आपटला असता.