मी पाडलेला उजवा कौल

बायकोच्या अंडाशयाच्या कॅन्सरचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा मुंबईच्या डॉक्टरीणबाईंनी तिला विचारलं, संशोधनासाठी थोडं जास्त रक्त द्याल का. या आजारात काही जणींचं शरीर आपल्याच पेशींविरुद्ध अँटीबॉडी तयार करतं. त्या कोणत्या आहेत यावरून पेशंटचं पुढे कसं होईल हे सांगता येतं का, ते बाई शोधत होत्या. अजून पक्कं काही नव्हतं, म्हणून निकाल कोणालाच सांगणार नव्हत्या.

बायको म्हणाली, "म्हणजे कौल लावायचा आणि पाकळी पडायच्या आत घरी जायचं."

बाई आमच्याकडच्या नव्हत्या. मग आमच्या चौलात देवाला कौल कसा लावतात ते हिने समजावलं. मूर्तीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. बाई हसून म्हणाल्या, "माझ्या पाकळ्या अजून नीट चिकटतच नाहीत." हिने कागद वाचला, सही केली, रक्त दिलं.

ऑपरेशन झालं, पण किमो सुरू झाल्यावर ती गप्प झाली. घरामागच्या नारळाच्या वाडीत पाऊल टाकीना. एकदा मी एकटाच मुंबईहून औषधं घेऊन आलो. ओटीवरूनच तिने विचारलं, "काय म्हणाल्या?"

बाई काहीच म्हणाल्या नव्हत्या. पण माझ्या तोंडून निघून गेलं, "उजवा पडला. अँटीबॉडी चांगल्या निघाल्या."

तिने औषधांची पिशवी माझ्या हातातून घेतली. "मग विहिरीपलीकडे सुपारी लावू," म्हणाली.

सुपारीच्या रोपांना फळ धरायला वर्षं लागतात. मी त्या दगडाळ तुकड्यात कुदळ घेऊन उतरलो. ती डोक्याला रुमाल बांधून खुर्चीत बसायची आणि म्हणायची, "अजून एक वीत खोल."

ती बरी होत गेली आणि माझी जीभ सैल सुटली. बाजारात, लग्नात, जिथे विषय निघेल तिथे सांगायचो, मुंबईत अशी टेस्ट आहे, आधीच सगळं कळतं. मनात टोचायचं, तरी सांगायचो.

अशी काही वर्षं गेली. यंदा थळची आमची नेहमीची मासळीवाली टोपली उतरवून म्हणाली, "काका, ती उजव्या कौलाची टेस्ट कुठं करतात? भावजयीला हाच आजार निघालाय. ती म्हणते, उजवा पडला तरच ऑपरेशन. न्हायतर कशाला चिरून घेऊ?"

मी म्हणालो, "अशी टेस्ट अजून मिळत नाही. मला कोणी काही सांगितलं नव्हतं, मी खोटं बोललो. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलंय ना? मग थांबू नका."

मागे दारात बायको ताट घेऊन उभी होती. मासळीवालीला म्हणाली, "बोंबील राहू देत. आधी घरी फोन लाव." मग माझ्याकडे वळून, "निकाल सांगणार नाहीत, हे त्या कागदावर लिहिलं होतं. सही मी केली होती, वाचून."

"मग तेव्हाच का बोलली नाहीस?"

"त्या तुकड्यात सुपारी लावा म्हणून लग्नापासून सांगत होते. तुमची कंबर नेहमी धरलेली असायची. उजवा पडला म्हणालात, मग तुम्हाला नाही म्हणता येईना, खणणं आलंच."

भावजयीचं ऑपरेशन झालं, आता किमो चालू आहे. हिच्याही तपासण्या अजून असतात. टेस्टची बढाई ज्यांच्यापुढे मारली, त्यांना एकेकाला गाठून मी खरं सांगतो आहे. राहिलेल्यांसाठी हे लिहिलं. मासळीवाली हल्ली फाटकातूनच हाक मारते, "डावेकाका, बोंबील घेताय?"

आणि विहिरीपलीकडच्या सुपारीला पहिला घड धरलाय.