कानबाईची कॅसेट आणि कुंकू लावलेले स्पीकर

आधीच सांगून टाकतो, मला गाण्याबिण्यातलं काही कळत नाही. सुरांचा आणि माझा छत्तीसचा आकडा. तरी साठी उलटल्यावर मी भारीतले जुने स्पीकर शोधत नंदुरबार, शहादा पालथं घालत होतो. तळोद्यात लोकांना वाटायचं, बायको गेल्यापासून याचं डोकं फिरलंय. वाटू दे. मला तिचा आवाज ऐकायचा होता, बस्स.

फोटो ढीगभर आहेत. पण मोबाइल पुढं केला की बाई तोंडाला पदर लावायची आणि गप्प व्हायची. आवाज म्हणावा अशी घरात एकच वस्तू उरली होती. एका श्रावणात आमच्याकडं कानबाई बसली, तेव्हा मी भरलेली कॅसेट. आमच्या खान्देशात नारळाची ही देवी मांडतात, तिला नथ-साडी घालतात आणि आळीतल्या बाया जमून तिची गाणी म्हणतात. त्या घोळक्यात एक उंच, खणखणीत आवाज होता. तोच तिचा, असं मी धरून चाललो होतो. वर्षभर संध्याकाळी तो लावून डोळे पुसत बसायचो. पण जुन्या टेपरेकॉर्डरमधून सगळ्या बाया एकाच माठात तोंड घालून गायल्यासारख्या यायच्या. मला ती एकटी, वेगळी हवी होती.

पुण्याची लेक म्हणाली, "बाबा, छोटासा ब्लूटूथ घ्या ना." घेतला. कप्पाळ! माठाऐवजी तांब्या झाला, एवढंच. मग कोणीतरी सांगितलं की खरे चांगले स्पीकर आवाज सुटे करून दाखवतात. तसले नवे घेणं पेन्शनीत बसत नव्हतं, म्हणून जुने शोधायला लागलो.

नंदुरबारच्या एका पठ्ठ्यानं स्पीकर लावले तर खिडकीची तावदानं थरथरायला लागली. "बास बघा काका, कसला घुमतोय!" म्हणाला. "अरे बाबा, मला वरात काढायची नाहीये," असं म्हणून मी चपला घातल्या. शहाद्याचे दिसायला अगदी नवरदेव, पण आतल्या कागदी पडद्याच्या कडेच्या स्पंजला बोट लावलं आणि भुसा हातात आला. दोन्हीकडून परतताना कॅसेट वाजवून बघायला नेलेला टेप डेक मांडीवर, टॉवेलात गुंडाळलेला. जीपमधली माणसं विचारायची, "भाऊ, काय शे त्यामा?" काय सांगणार?

मग तापीकाठच्या एका गावातून निरोप आला. गुजर शेतकरी, केळीचा बागायतदार. त्याच्या भावानं परदेशातून परत येताना स्पीकर आणले होते. भाऊ सुरतेच्या फ्लॅटमध्ये गेला, तिथं मावेनात, म्हणून हे इथंच राहिले. उंचीला माझ्या कमरेएवढे, लाकूड असलं देखणं की मी नकळत हात फिरवला. पुढची जाळी काढली आणि माझं टाळकं सरकलं. दोन्ही कागदी पडद्यांवर मधोमध हळदकुंकवाचे थरावर थर! एका थरात अक्षतेचा दाणासुद्धा चिकटलेला.

"अहो, हे काय केलंत?"

"दसरानी पूजा," तो शांतपणे म्हणाला. "यंत्र शे ना भाऊ. ट्रॅक्टरले लावतस, पाण्यानी मोटरले लावतस, मंग याले काब्र नही?"

"पूजा करायची तर लाकडाची करा ना! हा नाजूक कागद असतो. ओलं बोट लावता त्याला?"

"पहिले आयकी ते ल्या," तो म्हणाला. भावाचा अ‍ॅम्प्लिफायर तिथंच होता. चरफडतच मी डेक जोडला.

आणि काय सांगू! माठ फुटला. बाया सुट्या झाल्या. कुणाच्या बांगड्या वाजतायत, कुणाचा दम लागतोय, सगळं दिसावं तसं ऐकू यायला लागलं. तो उंच आवाज तर समोर येऊन बसला. कडवं संपलं आणि ती बाई हसली. ते हसू मी रोज सकाळी ऐकतो. समोरच्या घरातली शेजारीण! मी वर्षभर शेजारणीच्या गाण्यावर रडत होतो. हसावं की डोकं आपटावं, कळेना.

मग माझी कुठं होती? मी स्पीकरला कान लावून एकेक आवाज धुंडाळू लागलो. हा नाही, हाही नाही. शेतकऱ्याची बायको दारात उभी होती. माझी तगमग बघून तिनं विचारलं, मी सांगितलं. ती म्हणाली, "ज्यासना घर कानबाई ऱ्हास, तठली बाईले बसाले येळ कोठे भेटस, भाऊ?"

खरंच की. घर आमचं होतं. ती चुलीपाशी असणार.

मी गाण्याचा नाद सोडला आणि गाण्याच्या मागं ऐकायला लागलो. भांडं ठेवल्याचा आवाज आला. मग लांबून, घाईघाईत, जराशा घोगऱ्या आवाजात ती बोलली, "गानं सोडू नका व माय, मी वनूच!"

गाणं सोडू नका, मी आलेच. मी कॅसेट मागं घेऊन पुन्हा तेवढंच ऐकलं. त्या माउलीनं खुर्ची पुढं सरकवली. कुंकवाच्या खोटीवरून मी घासाघीस करायची ठरवून बसलो होतो. ते तोंडातून निघालंच नाही. स्पीकर अ‍ॅम्प्लिफायरसकट त्याच दिवशी केळीच्या टेम्पोतून घरी आणले.

आता संध्याकाळी कॅसेट लावतो. शेजारीण गाते, माझी बायको मागून ओरडते, "मी वनूच," आणि गाणं पुढं बराच वेळ चालतं. पुढच्या कडव्यात ती येऊन मिसळली असेल, म्हणून मी श्वास धरून ऐकतो. कितीदा ऐकलं तरी पुढच्या वेळी वाटतंच. मग कॅसेट खट्ट करून थांबते. ती आलेली नसते.