आफ्रिकेत शिकलो हातांवर बसायला

गुरुवारी सकाळी साडेदहाला मी बहरीनच्या झिंज भागातल्या एका बिल्डिंगच्या, छतावर जाणाऱ्या शेवटच्या जिन्यात, स्वतःच्या दोन्ही हातांवर बसलो होतो... तळवे मांड्यांखाली दाबून. वरून शांताराम काकांनी वाकून बघितलं आणि म्हणाले, "काय रे, आफ्रिकेत हात विसरून आलास काय?"

हसू नका... हे खरंच मी आफ्रिकेत शिकलोय.

मी इथे एसी मेंटेनन्सचं काम करतो. शिक्षण दहावी नापास. काका खेडचे, वयाने माझ्या दुप्पट, या कामात वीस वर्षं. तरी सध्या त्यांचा टीम लीडर मी... तोही महिनाभर ट्रायलवर. आमच्या केरळी फोरमनने आधीच बजावलं होतं, "एक भी गड़बड़ हुआ, तो वापस हेल्पर."

मला सगळं दोनदा बघायची सवय आहे. दोनदा कुठलं, चारदा. काकांनी घट्ट केलेला स्क्रू मी परत पिळून बघायचो. त्यांनी माझं नाव 'चेकपोस्ट' ठेवलं होतं. "आला चेकपोस्ट. दाखवा रे सामान," असं मला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणायचे.

कंपनीची एक शाखा केनियात आहे. दोन्हीकडच्या तरुणांना लीडरशिप ट्रेनिंगसाठी नाकुरूजवळ बारा दिवस पाठवतात. यंदा माझा नंबर लागला. फॉर्ममध्ये शिक्षणाच्या रकान्यापाशी पेन कितीतरी वेळ थांबलं होतं... तिथे सगळे डिग्रीवाले असणार, या काळजीने विमानात डोळ्याला डोळा लागला नाही.

चौथ्या दिवशी मला चाळीस जणांच्या स्वयंपाकाचा लीडर केलं. मी पीठ तीनदा मोजलं, दुसऱ्यांनी चिरलेली भाजी पुन्हा बारीक केली, तीन चुलींमध्ये नुसता पळत होतो. आणि उगाली करपली. उगाली म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड... तिकडचं रोजचं जेवण.

उगाली ढवळत होता पीटर, नैरोबीच्या ऑफिसातला. लहानपणापासून उगाली करणारा माणूस. खाली लागतंय हे त्याला वासावरूनच कळलं होतं. मग बोलला का नाहीस, असं विचारल्यावर तो अगदी सरळपणे म्हणाला, "तू येऊन बघणारच होतास ना?"

मला रडायलाच आलं. आमच्या ट्रेनर ग्रेस मॅडम ओरडल्या नाहीत. त्यांनी एक स्टूल आणून ठेवलं. उद्याही लीडर तूच, म्हणाल्या, पण इथे बसायचं, हातांवर. तपासायचं नाही. एकच विचारायचं, "काही राहिलंय असं तुला वाटतं का?" आणि उत्तर येईपर्यंत गप्प राहायचं.

दुसऱ्या दिवशी बसलो. हातांना मुंग्या आल्या... पण उगाली करपली नाही. पीटरने तर दोन गोष्टी आपणहून येऊन सांगितल्या.

पण तिथे उगाली होती. इथे माझी नोकरी...

गुरुवारी झिंजच्या त्या बिल्डिंगचा छतावरचा मोठा एसी बंद होता. आतल्या पंख्याची मोटर आणि बेल्ट बदलायचा होता. उन्हाळ्यात बारानंतर छतावर काम करायला बंदी आहे, त्यामुळे त्याआधी काम संपवणं भाग होतं. खाली भाडेकरू आदल्या दिवसापासून घामाघूम, आणि वॉचमन दर दहा मिनिटांनी "कितना टाइम?" विचारायला वर.

काका छतावर, मी जिन्यात मेन स्विचपाशी. मध्ये फक्त बारा पायऱ्या. वर जाऊन प्रत्येक स्क्रू बघावा, असं इतकं वाटत होतं की सांगता येत नाही... म्हणून हात मांड्यांखाली.

अकरा वाजता काकांचा आवाज आला, "झाकण लावलं. खलास. टाक स्विच."

मी उठलो. हात स्विचवर ठेवला आणि विचारलं, "काका, काही राहिलंय असं तुम्हाला वाटतं का?"

वरून काहीच नाही. मीही गप्प. वाटलं, आता नक्की शिवी येणार.

मग काका हळूच म्हणाले, "थांब. स्विच टाकू नको. माझी पक्कड दिसत नाय."

काकांनी झाकणाचे सोळा स्क्रू परत काढले. पक्कड आत, पंख्याच्या अगदी पात्यांत पडली होती. मी स्विच टाकला असता, तर पाती तुटली असती, नवी मोटर गेली असती, आणि माझी ट्रायल तिथेच संपली असती.

अकरा चाळीसला पंखा सुरू झाला. तो घरघर आवाज ऐकला आणि मी पायरीवर बसूनच गेलो. या वेळी हातांवर नाही.

काका खाली येऊन शेजारी बसले. मला पाणी दिलं. म्हणाले, "तू वर उभा असतास ना, तर मी शोधलंच नसतं. म्हटलं असतं, चेकपोस्ट आहे, बघील तो."

अगदी पीटरचंच वाक्य... खेडच्या मराठीत.

शनिवारी इथल्याच अराद भागात दुसरं काम होतं. झाकण लावायच्या आधी काकांनी सगळी हत्यारं एका फडक्यावर मांडली आणि मोठ्याने मोजली. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. मी जिन्यातून नुसतं ऐकलं.

ग्रेस मॅडम, तुम्हाला मराठी वाचता येत नाही, तरी इथे लिहून ठेवतो. मनापासून आभार. मी काही फार बदललेलो नाही... आजही खोलीचं कुलूप तीनदा ओढून बघूनच कामावर निघालो. पण त्या गुरुवारी काकांपर्यंतच्या बारा पायऱ्या मी चढलो नाही.