काटा एक रेघ पुढं

पद्माक्का मोजताना कधी ‘एक’ म्हणत नसत. पहिलं माप पडलं की म्हणायच्या, “लाभ!” मग दोन, तीन, चार. धान्य मोजणाऱ्या जुन्या माणसांची ही रीत, पण पद्माक्का वाळत घातलेले कपडेसुद्धा असेच मोजायच्या. मी निपाणीच्या शाळेत विज्ञान शिकवायला आले आणि त्यांच्या पुढच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहिले, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या ट्रंका मोजल्या. ट्रंक एकच होती. “लाभ,” म्हणाल्या आणि पुढच्या ट्रंकेची वाट बघत दारात उभ्या राहिल्या.

त्यांच्या ओट्यावर वजनाचा एक जुना विलायती काटा होता. हिरवा रंग उडालेला, वर पितळी ताटली, पुढं घड्याळासारखी तबकडी. तबकडीवरचे इंग्रजी आकडे आक्कांना वाचता येत नसत, म्हणून त्या रेघा मोजत. “मेथी तीन रेघा, सुंठ दोन रेघा, डाळ काटा पुरा फिरंस्तवर.” त्यांचं मेतकूट असं रेघांवर चालायचं. त्यांचे यजमान आप्पा पोटाच्या दुखण्यानं खंगलेले. दिवस मावळायच्या आत मऊ भात आणि हे मेतकूट, एवढंच त्यांच्या पोटात राहायचं.

मला मेली दुसऱ्यांच्या वस्तू दुरुस्त करायची खोड. एकदा मी काट्याचं मागचं झाकण काढून पाहिलं. किती साधी करामत! ताटलीखालचा दांडा स्प्रिंगेला लटकलेला. वजन पडलं की स्प्रिंग ताणते, दांडा खाली जातो. दांड्याला दाते, ते एक चिमुकलं चाक फिरवतात आणि चाकाबरोबर तबकडीवरचा काटा फिरतो. वजन उचललं की स्प्रिंग सगळं परत ओढून घेते. पण ही स्प्रिंग वयानं सैल पडली होती. ताटली रिकामी असली तरी काटा शून्यावर न येता एक रेघ पुढं थांबायचा.

“आक्का, तुमचा काटा खोटं बोलतो.”

“बोलू दे की गं. इतकी वर्सं एकच खोटं बोलतोय. रोज नवं बोलाय लागला की बघू.”

गप्प बसेन तर ती मी कसली! आक्का पंधरा दिवस श्रवणबेळगोळला गेल्या, तेव्हा मी काटा उचलला आणि बेळगावच्या एका कारागिराकडून नवी स्प्रिंग घालून आणला. काटा शून्यावर! ताटलीही चिंचेनं घासली. आक्का आल्या, चकाकी बघून खूश झाल्या. “उजळलास की गं!” मी “थोडा साफ केला” एवढंच म्हणाले. न विचारता केल्याचं कोण कबूल करतं?

दुसऱ्या दिवशी आप्पांनी पहिला घास तोंडात घातला आणि ताट सरकवलं. “पद्मा, कडू हाय.” आक्कांनी पुन्हा केलं. पुन्हा कडू. तिसऱ्या खेपेला आप्पा नुसता भात पाण्यातनं गिळून उठले आणि आक्का चुलीपाशी बसूनच राहिल्या.

“सासूबाईंचं बी असंच सुरू झालंतं गं,” त्या मला म्हणाल्या. “आदी मीठ इसरल्या, मग लेकरं इसरल्या. आता माझी पाळी. बाई, ध्यानात हाय तवर सांगते, लिवून घे. आप्पांना कोण तरी करून घालाय पायजे.”

मी वही घेतली. “मेथी तीन रेघा,” त्यांनी सांगितलं आणि माझं पेन थांबलं. जुन्या काट्यावरच्या तीन रेघा म्हणजे खऱ्या दोनच! आता तीन म्हणजे तीन. मेथी दीडपट, सुंठ दुप्पट. अगं बाई! रिकाम्या ताटलीची चूक वजा करा, हे दरवर्षी पोरांना घसा फोडून सांगणारी मी. लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आक्कांना सगळं सांगितलं. 

“म्हंजे माझं डोस्कं ठीक हाय?”

“ठीक आहे हो. माझंच फिरलं होतं.”

त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि हसूही फुटलं. माझा कान धरून म्हणाल्या, “शिकलेली बाई तू! सुधारायच्या आदी इचारावं गं.” मग नव्या स्प्रिंगेबरोबर बसवलेला ताटलीखालचा स्क्रू मी दाखवला, तो स्वतः पिळून काटा एक रेघ पुढं नेऊन ठेवला. दुसऱ्या दिवशी आप्पांनी दोनदा भात मागितला. खुशीत आले की ते कानडीत बोलत. “छलो आगैती!” म्हणाले, म्हणजे झकास झालंय.

पुढं मी बेळगावला टिळकवाडीत घर केलं, तेव्हा आक्कांनी काटा मला दिला. “ही तुझी शिक्षा,” म्हणाल्या. तोवर आप्पा गेले होते. आणि ज्याची भीती होती त्यानं आक्कांना शेवटी गाठलंच. त्या जायच्या दोन महिने आधी मी काटा पिशवीत घालून निपाणीला गेले. त्यांनी मला ओळखलं नाही. सासरहून आलेल्या लेकीलाही ओळखत नव्हत्या.

मी काटा त्यांच्यापुढं ठेवला. त्या वाकल्या, रिकाम्या ताटलीकडं बघितलं, मग तबकडीकडं. काटा एक रेघ पुढं.

“बरूबर हाय,” म्हणाल्या.

मग माझा हात धरून ताटलीत ठेवला. काटा फिरला.

“लाभ.”

आणि वाट बघत बसल्या, त्या ट्रंकेच्या दिवसासारख्या. मी दुसरा हातही ताटलीत ठेवला.

“दोन,” आक्का म्हणाल्या.