वर काही ठेवायचं नाही

काकूंच्या घरात टीव्ही नाही असा दिवस क्वचितच उगवला, आणि टीव्ही त्यांच्या मालकीचा आहे असा एकही नाही. काका टीव्ही दुरुस्त करत. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या दोन खोल्यांत संसार. दुरुस्त झालेला संच लगेच गिऱ्हाइकाच्या हवाली करायचा नाही, दोन दिवस चालवून बघायचा, ही काकांची पद्धत. त्याची जागा म्हणजे मधल्या खोलीतलं टेबल. त्यामुळे काकू आणि दोघी मुली मालिकेची सुरुवात एका टीव्हीवर बघत, मधला भाग दुसऱ्यावर, आणि शेवट बहुतेक वेळा शेजारणीकडून ऐकत. एका संचाचा रंग काही केल्या जमेना, म्हणून तो आठवडाभर राहिला. धाकटीनं विचारलं, "आई, ही नवरी आजारी आहे का गं? हिरवी का दिसते?"

नियम एकच होता. टीव्हीवर काही ठेवायचं नाही. ना घड्याळ, ना फुलदाणी.

"लोकांची वस्तू आहे," काका म्हणत. "ओरखडा उठला तर तोंड कुठं लपवू?"

काकूंनी लग्नाआधी विणलेला क्रोशाचा रुमाल त्यामुळे पेटीतच राहिला. शेजारपाजारच्या प्रत्येक घरात टीव्हीवर रुमाल होता. टीव्हीवाल्यांच्याच घरी दिव्याखाली अंधार.

काकांचे हात थरथरू लागले, तारेला कथलाचा डाग देता येईना, तेव्हा दुकान बंद करायचं ठरलं. एकेक करून संच परत गेले. पहिल्या रिकाम्या संध्याकाळी दोघं जेवून सवयीनं टेबलासमोर बसले. काका भिंतीकडे बघत म्हणाले, "आज काही लागत नाहीये."

काकूंना हसू आलं नाही. "आता आपला एक घेऊ."

"विकत? जन्मभर फुकट बघितलास की."

"फुकट कसला! आलेल्या प्रत्येक पाहुण्याला पुसून-झाडून जागा करून दिली, ते कुठं गेलं?"

काकांचं म्हणणं अगदीच वेडगळ नव्हतं. टीव्हीनं आजवर घर पोसलं. आता मिळकत थांबल्यावर घरानं टीव्हीला पोसायचं, हे त्यांना पटत नव्हतं. थोरलीनं फोनवर निम्मे पैसे देऊ केले, तेव्हा कुठं दोघं बाजारात गेले. दुकानदारानं भिंतीला टांगलेला, पाटीसारखा पातळ टीव्ही दाखवला. काकूंनी मान वाकडी करून तो कडेनं न्याहाळला.

"याच्यावर काय ठेवायचं?"

"वर? वर काही राहत नाही, मावशी."

"एवढे पैसे मोजून पाटीच घ्यायची, तर नको," काकू म्हणाल्या आणि तरातरा घराकडे निघाल्या.

काकांच्या दुकानात आता एकच संच उरला होता, मुलींच्या शाळेतल्या चित्रकलेच्या बाईंचा. मोठा, जुन्या पद्धतीचा, पेटीसारखा. मुली शाळेत होत्या तेव्हा आलेला. बाई एका संध्याकाळी पैसे चुकते करून "गाडी घेऊन येते" म्हणाल्या त्या आल्याच नाहीत. काकांनी दोनदा निरोप धाडला. "असू दे, नेईन" एवढंच उत्तर आलं. पैसे मिळालेला संच चालवून बघायला कारण उरलं नव्हतं, म्हणून काकांनी त्याला खोळ घातली. वर्षातून एकदा काढून तपासायचा, पुन्हा खोळ. ती खोळ झाडताना काकू दर वेळी पुटपुटत, "स्वतःची अडगळ लोकांच्या घरात!"

आता तो पोचवणं भाग होतं. दोघं बाईंच्या घरी गेले. बाई काठी टेकत दाराशी आल्या. काकांनी टीव्हीचा विषय काढला.

"अजून चालतो?" बाईंनी विचारलं.

"चालतो म्हणजे! काल तर तपासला."

"मग बघता ना त्याच्यावर?"

"छे, छे. तुमची वस्तू. खोळ घालून ठेवलाय."

बाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "अहो, मी तो तुमच्या मुलींसाठी सोडला! त्या दिवशी न्यायलाच आले होते. दारातून ऐकलं, धाकटी म्हणत होती, 'बाई आल्या, गेला आपला शेवट.' म्हटलं, राहू दे इथंच. आमच्याकडे मुलगा नवा आणणारच होता."

"मग तसं सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं तर ठेवून घेतला असतात?"

काकांनी नकारार्थी मान हलवली.

"आणि मी मेली इतकी वर्षं समाधानात, की पोरी बघत असतील. तुम्ही खोळ घातलीत!" बाई हसता हसता खुर्चीत बसल्या.

काकूंना मात्र आपलं पुटपुटणं आठवलं. त्यांनी पुढे होऊन बाईंचे दोन्ही हात धरले. "त्या रात्रीचा शेवट पोरींनी बघितला, बाई. तुमच्याच टीव्हीवर. सगळ्यांनी मिळून पुरता बघितलेला तेवढा एकच."

संच मधल्या खोलीत आला. केबलचे महिन्याचे पैसे भरायचं काकांनी कबूल केलं, सेट-टॉपचा नवा डबा आणून जोडला. चित्र लागलं. काकूंनी पेटीतून रुमाल काढून वर अंथरला. घड्यांवर पिवळा पडलेला तो रुमाल पुढून चार बोटं खाली आला, थेट बातम्या देणारीच्या कपाळावर.

"अगं, वर काही ठेवू..." काकांची जीभ सवयीनं वळली.

"का? मालक येणारेत?"

काका उठले, टीव्हीजवळ गेले. रुमाल थोडा मागं ओढून त्यांनी दोन्ही बाजू सारख्या केल्या.

"घड्याळ कुठंय?" त्यांनी विचारलं.