रिकाम्या रिव्हॉल्वरचं वजन

आधीच सांगून टाकतो – भूत, भानामती, करणी यांवर माझा काडीचाही विश्वास नाही. आमच्या तिरोड्याकडच्या गावात कुणाच्या अंगात आलं की लोक लिंबू आणायला धावतात आणि मी हिवतापावरची कुनैनची गोळी पाठवतो. तेव्हा हे लिहिताना माझी मलाच लाज वाटते आहे… पण दुसरीकडे कुठे सांगायची सोय उरलेली नाही.

मी पोवार, लहानसा मालगुजार, म्हणजे गावचा जमीनदार. धानाची शेती, एक तलाव, आणि एक वेड – जुनी रिव्हॉल्वरं. शिकारीची हौस नाही. आयुष्यात सशावरही गोळी झाडलेली नाही. मला आवडते ती कारागिरी. लाकडी मुठीवर कुणा अनोळखी अंगठ्यानं पाडलेली झीज, सिलिंडर फिरवला की येणारा तो नेमका आवाज… भंडाऱ्याच्या कचेरीतून सगळ्यांची लायसनं रीतसर काढलेली. घड्याळाचं तेल, फ्लॅनेलचं फडकं आणि मी, अशी आमची दुपार जाते. बायको त्यांना सवती म्हणते. जळत नाही, पण त्या बाहेर निघाल्या की चहा उशिरा पाठवते.

युद्ध संपलं त्या वर्षी, विलायतेला निघालेल्या जंगल खात्याच्या एका साहेबाच्या सामानाचा गोंदियात लिलाव झाला. तिथे मला हे रिव्हॉल्वर मिळालं. पिन-फायर जातीचं, माझ्या आजोबांच्या काळातलं. फ्रेमवर वेलबुट्टी इतकी नाजूक, की सोनारानं पाहून मान डोलवावी. ट्रिगरभोवती कडी नाही, तो चाकूच्या पात्यासारखा दुमडून ठेवायचा. या जातीच्या काडतुसाला बाजूनं खिळ्याएवढी एक पिन असते, आणि भरलं की त्या पिना सिलिंडरच्या कडेनं बाहेर डोकावतात. म्हणजे भरलंय की रिकामं, हे ओसरीच्या त्या टोकावरूनही दिसतं. हे नीट लक्षात ठेवा, कारण सगळं इथेच अडलंय. आणि ती काडतुसं तर या मुलखात आता औषधालाही मिळत नाहीत.

पहिल्यांदा जाणवलं ते साफ करायला उचललं तेव्हा. जड लागलं. रिव्हॉल्वर हाताळणाऱ्याला भरलेलं आणि रिकामं यातला फरक डोळे मिटूनही कळतो. माझ्या हातानं सांगितलं – भरलेलं आहे! दचकून पाहिलं, तर एकही पिन नाही. साही घरांतून पेन्सिल आरपार घालून पाहिली. रिकामं.

दुसऱ्या दिवशी हलकं. मग पुन्हा जड. किराण्याच्या तराजूत टाकलं, तर वजन रोज तेवढंच. तराजू म्हणे काही फरक नाही, हात म्हणे आहे. मी बायकोच्या हातात दिलं.

"काऊन जी, सारखं उचलून काय पाहून राहिले? मले तं हलकंच लागते," ती म्हणाली.

मी घाबरलो, हे कबूल करतो. रिव्हॉल्वरला नाही, स्वतःला. आमच्या एका काकांचं डोकं याच वयात फिरलं होतं. भर दुपारी, जेवून उठल्यावर, लोकांशी बोलता बोलता मनात एकच चाललेलं असायचं – आत्ता ते जड असेल का?

अशात दसरा आला. आम्ही पोवार मूळचे माळव्याचे, तलवारी गेल्या तरी शस्त्रपूजेची हौस गेलेली नाही. घरातलं प्रत्येक हत्यार पाटावर मांडायचं, हळदकुंकू, अक्षता, झेंडू वाहायचे, आणि मग घरातल्या प्रत्येक पुरुषानं एकेक उचलून कपाळाला लावायचं. तलवारीच्या काळातली रीत! कपाळाला रिव्हॉल्वर टेकवणं म्हणजे काय, हा विचार आमच्यापैकी कुणाच्या मनात कधी आला नव्हता. माझ्यासुद्धा नाही. त्या दिवशी मात्र आला.

"हे नवं राहू दे पेटीतच," मी म्हणालो.

"हत्याराले पूजेतून वगळते का कोनी? भेता का त्याले?" बायकोनं सगळ्यांसमोर विचारलं. आता मी, अंधश्रद्धेवर गावाला व्याख्यानं देणारा, काय सांगणार? ठेवलं पाटावर.

त्या वर्षी पहिला मान जावयाचा होता. हिरालाल, वारासिवनीकडचा, उमदा आणि बोलका मुलगा. आमची एकुलती एक यमुना त्याला दिलेली. तिला दिवस गेले होते, आणि पूजा झाली की बाळंतपणासाठी तिनं इथेच राहायचं ठरलं होतं. मी मुद्दाम सगळ्यांसमोर सिलिंडर फिरवून दाखवला. पिना नव्हत्या. सगळ्यांनी पाहिलं. मी ते हिरालालच्या हातात दिलं… आणि माझ्या बोटांतून सुटता सुटता ते जड झालं.

मी सोडलं. लोक बघत होते म्हणून सोडलं.

त्यानं कौतुकानं ट्रिगर उलगडून पाहिला, डोळे मिटले आणि रिव्हॉल्वर कपाळाकडे नेलं. मी पुढे होऊन त्याच्या मनगटावर जोरात फटका मारला.

आवाज असा झाला, की कौलांवरची कबुतरं उडाली. भिंतीचा पोपडा खाली आला. हिरालालची भुवई एका बाजूनं करपली होती. यमुना पोटाशी हात धरून मटकन खाली बसली.

मी रिव्हॉल्वर उचललं. सिलिंडर रिकामा. पिन नाही, जळकं टरफल नाही. नळीत मी सकाळी लावलेलं तेल जसंच्या तसं, काजळी नाही, दारूचा वास नाही. पण भिंतीतून शिशाची गोळी निघाली, ती माझ्याजवळ आहे.

"रिकामं होतं!" मी ओरडत होतो. "सगळ्यांनी पाहिलं ना?"

हिरालाल पांढराफटक पडला होता. तो हळूच म्हणाला, "रिकामं होतं तं माह्या हातावर काऊन मारलं जी तुमी, मामाजी?"

तुम्हीच सांगा. ज्याला ते भरलंय हे माहीत आहे, तोच फटका मारेल. पाहिलेले लोकही मग म्हणू लागले – घाईत दिसलं नसेल, एखादी पिन वाकली असेल.

सोनं न देता, न जेवता तो निघाला. यमुनाला घेऊन. "चूक झाली म्हणा, अन् मी सारं विसरतो. पन खोटं सांगानाऱ्याच्या घरी मी बायको ठेवत नाही," एवढं गाडीत बसताना म्हणाला. दिवाळी कोरडी गेली. पहिलं बाळंतपण, आणि पोर सासरी. बायकोनं माझ्याशी बोलणं सोडलं. एकाच घरात ती चुलीपाशी रडायची आणि मी बैठकीत.

रिव्हॉल्वर मी ठाण्यात जमा करायला नेलं. दरोगानं ते उचललं आणि चटकन टेबलावर ठेवलं.

"भरी हुई लाए हो, मालगुजारजी? पहले खाली करो!"

मी सिलिंडर फिरवून दाखवला. त्यानं साही घरं पाहिली. मग हात पँटला पुसला. मी अक्षरशः हात जोडले – एकदा माझ्या जावयाला हे सांगायला चला.

"क्या बोलूँगा? खाली थी, मगर भरी लगी?" तो म्हणाला. "नौकरी करनी है मुझे." पावती लिहून त्यानं रिव्हॉल्वर कपाटात टाकलं.

दुसऱ्याच दिवशी छोट्या रुळांवरच्या आगगाडीनं वारासिवनी गाठलं. यमुना दारात आली. चेहरा सुकलेला, पाय सुजलेले. आत हिरालाल बसलेला दिसत होता. तिनं मुद्दाम त्याला ऐकू जाईल असं विचारलं, "बाबूजी, खरं सांगा. भरलं होतं ना?"

विचारलं असं, की मी हो म्हणावं. तिच्या डोळ्यांत तेच होतं.

"हो," मी म्हणालो. "भरलं होतं. मी विसरलो."

हिरालाल उठून बाहेर आला आणि माझ्या पाया पडला. "मानूस चुकते जी. एवढंच पायजे होतं," म्हणाला. त्याच संध्याकाळी माझी पोर माझ्याबरोबर निघाली. मुलगा झाला. आता तो माझ्याच ओसरीवर रांगतो.

घरात मी आता भरलेलं रिव्हॉल्वर जावयाच्या हातात देणारा म्हातारा आहे. बायको नातवाला माझ्याजवळ एकटं सोडत नाही. बाळाला उचलायला हात पुढे केला, की कुणीतरी लगबगीनं येऊन त्याला घेऊन जातं. मी काही बोलत नाही. बोललो तर यमुना पुन्हा जाईल.

माझ्याकडे कसलाही खुलासा नाही. तुमच्यापैकी कुणाकडे असेल, असंही वाटत नाही. हिरालाल मराठी मासिकं वाचत नाही, हिंदीच वाचतो, म्हणून तेवढं इथे लिहून ठेवतो – ते रिकामं होतं.